चुकून लागणारे इमर्जन्सी कॉल: फोन, घड्याळ आणि ऑफिसच्या लाइनीवर नेमकं काय बदलायचं

गाडीत फोन अडकवायला मी एक होल्डर घेतला होता, दोन्ही बाजूंनी फोन चिमटीत धरणारा. त्याचा एक जबडा नेमका पॉवर बटणावर बसतो, हे महिनाभर माझ्या लक्षातच आलं नाही. एकदा खडबडीत रस्त्यावर गाडीत भोंग्यासारखा आवाज सुरू झाला. मागून रुग्णवाहिका येतेय असं समजून मी गाडी बाजूला घेतली, तेवढ्यात डॅशबोर्डवरून एका बाईंचा आवाज आला, "इमर्जन्सी सेवा, काय मदत हवी आहे?" मी गडबडून कॉल कट केला. मिनिटभरात तिकडून फोन आला, तो ओशाळून उचललाच नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. बाई रागावल्या नाहीत. "तुम्ही सुखरूप आहात ना?" असं विचारलं आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, "पुढच्या वेळी कट करू नका. चुकून लागला म्हणालात की आमचं काम तिथेच संपतं."

तेव्हापासून घरातले, ऑफिसातले, नातेवाइकांचे फोन हाताखालून गेले की मी या सेटिंग्ज बघतो. त्यातून जे उमगलं ते इथे क्रमाने देतो. एक गोष्ट आधीच सांगतो: एसओएसची, म्हणजे बटण दाबून थेट इमर्जन्सी कॉल लावण्याची, सोय सरसकट बंद करून टाकणं हा माझ्या लेखी उपाय नाही. अपघातात बोटं थरथरत असतात, स्क्रीन फुटलेली असते, तेव्हा तेच बटण कामाला येतं. आपल्याला फक्त चुकून दाबलं जाणं आणि कॉल लागणं यांच्या मध्ये एक अशी हालचाल आणायची आहे, जी खिसा, चिमटा किंवा लहान मूल आपसूक करू शकत नाही.

कॉल लागलाच असेल तर

हे सगळ्यात आधी, कारण सेटिंग्ज बदलायला नंतर वेळ मिळेल.

काउंटडाउन चालू असेल, म्हणजे आकडे उलटे मोजले जात असतील, तर रद्द करा. अजून कॉल लागलेला नाही. पण पलीकडे रिंग गेली असेल किंवा कोणी बोलत असेल, तर कट करू नका. कट झालेला कॉल कंट्रोल रूमच्या नजरेत चूक नसतो, तो अर्धवट राहिलेला कॉल असतो. कोणीतरी हातातून फोन हिसकावून घेतला असेल, बोलता बोलता शुद्ध हरपली असेल. म्हणून बऱ्याच ठिकाणी ते उलट फोन करतात, आणि उत्तर मिळालं नाही तर माणूस पाठवून खात्री करतात. तुमच्या दोन सेकंदांच्या लाजेपायी एक गाडी रस्त्यावर निघू शकते.

बोलायचं एवढंच: "कॉल चुकून लागला, मी सुरक्षित आहे, मदत नको." पत्ता किंवा नाव विचारलं तर सांगा, आणि त्यांनी फोन ठेवेपर्यंत थांबा. खोटा कॉल मुद्दाम करणं हा बहुतेक देशांत गुन्हा आहे, पण चुकून लागलेला आणि लगेच सांगितलेला कॉल वेगळा. त्याबद्दल भीती बाळगू नका.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी एक खास सूचना. तिथे मोबाइलवरून ९९९ हा इमर्जन्सी नंबर लावून बोलता येत नसेल तर ऑपरेटरच्या सूचनेनंतर ५५ दाबायचं असतं. म्हणजे मदत हवी आहे, पण बोलता येत नाही. म्हणून कॉल चुकून लागला असेल तर खिशात हात घालून फोन बंद करायला चाचपडत बसू नका, नकळत ५५ दाबलं जाऊ शकतं. फोन बाहेर काढा आणि बोला.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. तुम्ही फोनमध्ये आपत्कालीन संपर्क नोंदवले असतील, तर एसओएस कॉलनंतर त्यांना तुमच्या ठिकाणासह मेसेज जाऊ शकतो. कंट्रोल रूमचं समाधान झालं तरी आईच्या फोनवर "मदतीची गरज" असं काहीतरी येऊन पडलेलं असतं. तिला लगेच फोन करा.

हा प्रकार नवा नाही

१९३७ साली लंडनमध्ये ९९९ सुरू झाला, तो जगातला पहिला असा नंबर. तेव्हा तीन एक, म्हणजे १११, हा आकडा का घेतला नाही? कारण जुन्या फोनमध्ये आकडा म्हणजे लाइनीतले ठोके: एकाला एक ठोका, नवाला नऊ. वाऱ्याने दोन तारा एकमेकींना घासल्या तरी एक-एक-एक असे ठोके पडत. म्हणजे चुकीच्या कॉलची चिंता पहिल्या दिवसापासून होती. न्यूझीलंडने मात्र १११ घेतला आणि तो तिथे चालला, कारण त्यांच्या डायलवर आकडे उलट क्रमाने होते. तिथे एक फिरवला की नऊ ठोके पडत.

ही हकिगत मी गंमत म्हणून सांगत नाही. तुमच्याकडे अजून तांब्याच्या तारेची लँडलाइन असेल आणि पावसात ती खरखरत असेल, तर हाच दोष तिच्यातही उद्भवू शकतो. भारतातल्या ११२ ला लागतात फक्त चार ठोके. अमेरिकेतल्या ९११ ला अकरा. कोणी हात न लावता लाइनीवरून इमर्जन्सी कॉल गेल्याची तक्रार आली तर घरातल्या पोरांना दोष देण्याआधी लाइन तपासून घ्या. कॉर्डलेस फोनची बॅटरी मरायला टेकली असेल तर तीही बदला.

मोबाइलवर तारा गेल्या आणि बटणं आली. अँड्रॉइड १२ बरोबर, २०२१ मध्ये, पॉवर बटण पाचदा दाबलं की इमर्जन्सी कॉल अशी सोय आली. २०२३ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी जाहीरपणे सांगितलं की ९९९ वर निःशब्द कॉलचा पूर आलाय आणि त्यामागे हीच सोय आहे. पाचदा पटापट बटण दाबायला मुद्दाम कोण जातं असं वाटेल. पण घट्ट खिशात, बॅगेच्या तळाशी, होल्डरच्या जबड्यात ते सहज घडतं.

आधी आपला दोष शोधा

सेटिंग्जमध्ये घुसण्याआधी पाच मिनिटं कॉल लॉग बघा. इमर्जन्सी नंबर कुठल्या वेळी लागला ते पाहा आणि त्या वेळी फोन कुठे होता ते आठवा. व्यायाम करताना? बॅगेत? मुलाच्या हातात? गाडीत? रात्री उशाशी? कारण कळलं की अर्धे उपाय बाद होतात. माझ्या बाबतीत एकही सेटिंग बदलायची गरज नव्हती, होल्डर दोन बोटं खाली सरकवला आणि भागलं.

एक फरकही तपासा. कॉल बटणाने लागला की स्क्रीनवरून? लॉक स्क्रीनवर "इमर्जन्सी" असा शब्द असतो, त्याला बोट किंवा मांडी लागून नंबरांचा पॅड उघडतो आणि मग खिशात आकडे दाबले जातात. हा दुसरा प्रकार असेल तर पाच वेळा दाबायची सोय बंद करून काहीच फरक पडणार नाही.

अँड्रॉइड

कंपनीगणिक नावं थोडी बदलतात. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत एसओएस टाका.

१. सेटिंग्ज, मग सेफ्टी अँड इमर्जन्सी, मग इमर्जन्सी एसओएस.

२. सोय चालू ठेवा, पण ती कशी सुरू व्हावी ते बदला. पिक्सेल फोनवर दोन पर्याय असतात: आपोआप सुरू होणं, किंवा बटण दाबल्यावर स्क्रीनवर तीन सेकंद बोट धरून ठेवणं. दुसरा निवडा. सॅमसंगवर याच जागी कॉलसाठी स्वाइप आवश्यक करण्याचा पर्याय मिळतो, तो चालू करा. मी वर म्हटलेली "मधली हालचाल" ती हीच. खिसा पाचदा बटण दाबेल, पण त्यानंतर नेमक्या जागी तीन सेकंद बोट ठेवणार नाही.

३. काउंटडाउनचा आवाज चालू ठेवा. रात्री सिनेमागृहात वाजेल या भीतीने लोक तो बंद करतात. पण तोच तर तुम्हाला कॉल लागण्याआधी सावध करतो.

४. पॉवर बटण दोनदा दाबून कॅमेरा उघडायची सवय असेल आणि कॅमेरा लवकर उघडत नसेल, तर माणूस वैतागून बटण दाबत सुटतो. पाचावर पोचायला वेळ लागत नाही. कॅमेरा लॉक स्क्रीनवरून उघडा, किंवा सवय आवरा.

५. खिशातल्या स्पर्शासाठी: सॅमसंगवर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये अनवधानाने होणारा स्पर्श अडवायचा पर्याय आहे, इतर काही कंपन्या त्याला पॉकेट मोड म्हणतात. तो चालू करा. फोन उचलला की स्क्रीन उजळणं आणि दोनदा टिचकी मारली की उजळणं, या दोन्ही सोयी बंद करून बघा. काळी स्क्रीन कॉल लावू शकत नाही.

भारतात विकल्या जाणाऱ्या काही फोनवर तीनदा दाबूनच कॉल लागतो, तो बिघाड नाही. २०१७ पासूनच्या नियमानुसार स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण लागोपाठ तीनदा दाबल्यावर, आणि साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ हे बटण दाबून धरल्यावर, इमर्जन्सी कॉल लागायला हवा. घरातल्या ज्येष्ठांकडे बटणांचा फोन असेल तर कीपॅड लॉक करायला शिकवा. पिशवीत किल्ल्यांचा जुडगा आणि फोन एकत्र ठेवले की ५ दाबून धरणं हे किल्ल्यांना अगदी सोपं जातं.

आयफोन

इथे माझ्या पाहण्यातलं नेहमीचं कारण अगदी घरगुती आहे. नव्या आयफोनला बंद करायचं म्हणजे बाजूचं बटण आणि आवाजाचं एक बटण एकत्र दाबून धरायचं. स्क्रीनवर सरकवायची पट्टी आली तरी लोक बोटं सोडत नाहीत, फोन बंद होण्याची वाट बघत दाबूनच ठेवतात. आणि त्याच दोन बटणांवर इमर्जन्सी कॉलही आहे. पट्टी दिसली की बोटं उचला. किंवा सेटिंग्जमध्ये जनरल, मग शट डाउन, हा सरळ रस्ता धरा.

जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १६.३ मध्ये यात एक बदल झाला: नुसतं दाबून धरून कॉल जात नाही, धरल्यावर सोडावंही लागतं. हा बदल चुकीचे कॉल टाळण्यासाठीच केला होता. त्यामुळे जुनं आयओएस वापरत असाल तर आधी अपडेट करा, मग पुढचं बघा.

सेटिंग्ज, मग इमर्जन्सी एसओएस. तिथे दाबून धरून सोडल्यावर कॉल हा पर्याय आहे आणि पाच वेळा दाबल्यावर कॉल हाही. पाच वेळांचा पर्याय गरज नसेल तर बंद ठेवा. दाबून धरण्याचा पर्याय बंद केला तरी इमर्जन्सी कॉलची पट्टी स्क्रीनवर येतेच, फक्त ती स्वतः सरकवावी लागते. सतत चूक होत असेल त्यांनी हेच करावं. शांतपणे कॉल लावण्याचा पर्याय मात्र विचार करून वापरा. कौटुंबिक हिंसेच्या भीतीत राहणाऱ्या व्यक्तीसाठी तो मोलाचा आहे. बाकीच्यांनी आवाज राहू द्यावा.

कव्हर, होल्डर, खिसा

यावर फार लिहिण्यासारखं नाही. बटणांवर घट्ट बसणारं कव्हर काढून दोन दिवस बघा. पॉवर बटण आत रुतलेलं किंवा चिकट झालेलं असेल तर ते दुरुस्त करून घ्या, कारण अडकलेलं बटण फोनला सतत दाबल्यासारखं वाटतं. होल्डरचे जबडे बटणांच्या वर किंवा खाली यायला हवेत. खिशात फोन ठेवताना बटणांची बाजू वर आणि स्क्रीन शरीराच्या बाहेरच्या बाजूला.

घड्याळ, पडणं आणि अपघात ओळखणं

ॲपल वॉचवर बाजूचं बटण दाबून धरलं की कॉल जातो. हात डोक्याखाली घेऊन झोपणारे, जाड हातमोजे घालणारे, मनगट वाकवून जोर काढणारे यांना याचा त्रास होतो. घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये एसओएस उघडून बटण धरल्यावर आपोआप कॉल हा पर्याय बंद करा. पट्टी तरीही मिळते. किंवा नुसतं घड्याळ फिरवून दुसऱ्या हातात घाला, म्हणजे बटण मनगटाच्या उलट बाजूला जातं.

पडल्याचं ओळखण्याची सोय थोडी वेगळी आहे. जोरात पडल्यावर साधारण मिनिटभर हालचाल दिसली नाही तरच घड्याळ स्वतः कॉल लावायच्या तयारीला लागतं, आणि त्याआधी ठोके देत, आवाज करत विचारतं. खेळताना सारखं विचारत असेल तर "ठीक आहे" दाबायची सवय लावा. फक्त व्यायामाच्या वेळी चालू, असाही पर्याय आहे. पण एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाच्या मनगटावर ती नेहमी चालूच असू द्या. न्हाणीघरात पाय घसरतो तो व्यायाम करताना नाही.

खरी पंचाईत अपघात ओळखणाऱ्या सोयीची झाली. २०२२ मध्ये आयफोन १४ बरोबर ती आली आणि त्याच हिवाळ्यात अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांतल्या कंट्रोल रूमना बर्फावर घसरणाऱ्यांच्या खिशांतून आपोआप कॉल येऊ लागले. मनोरंजन उद्यानांतल्या रोलर कोस्टरवरूनही गेले. अचानक वेग, अचानक थांबणं, मोठा आवाज: फोनच्या दृष्टीने अपघात आणि असा खेळ यांत फरक दिसणं कठीण. फोन सुमारे वीस सेकंद विचारत राहतो, पण पाळण्यात किंचाळणाऱ्या माणसाला खिशातलं ऐकू येत नाही. मग कॉल लागतो आणि पलीकडे ध्वनिमुद्रित संदेश ठिकाण सांगू लागतो.

यावर उपाय म्हणून ही सोय कायमची बंद करू नका. पाळण्यावर चढताना फोन आणि घड्याळ खाली सोबतच्या माणसाकडे द्या. बर्फावर जाताना फोन आतल्या खिशात नको, हाताला लागेल असा ठेवा, आणि प्रत्येक पडण्यानंतर एकदा स्क्रीन बघा. अगदीच गरज पडली तर इमर्जन्सी एसओएसमधला गंभीर अपघातानंतर कॉल हा पर्याय त्या दिवसापुरता बंद करा आणि परतीच्या प्रवासासाठी, गाडीत बसण्याआधी, पुन्हा चालू करा. दोन्ही कामांची आठवण फोनवरच लावून ठेवा.

सिम नसलेला जुना फोन

मुलाला खेळायला जुना फोन देणारे आईबाप एक गोष्ट गृहीत धरतात: सिम नाही, म्हणजे कॉल जाणार नाही. चूक. बऱ्याच देशांत सिम नसलेला फोनही जवळच्या कुठल्याही टॉवरला धरून इमर्जन्सी कॉल लावतो. उलट सिम काढल्यावर धोका वाढतो. मोबाइलच्या जागतिक मानकांनुसार ११२ आणि ९११ हे तर इमर्जन्सी नंबर आहेतच, पण सिम नसेल तर फोन ०००, ०८, ११०, ११८, ११९ आणि ९९९ हेही तसेच मानतो. दोन वर्षांच्या पोराला शून्य तीनदा दाबायला किती वेळ लागतो?

शिवाय असा कॉल उलट लावता येत नाही. अमेरिकेत सिमशिवाय आलेल्या कॉलला परतीचा नंबर म्हणून ९११ आणि त्यापुढे फोनच्या आयएमईआय, म्हणजे त्या फोनच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाचे, शेवटचे सात आकडे दिसतात. त्यावर फोन करता येत नाही. चूक होती की खरंच कोणी अडकलंय, हे कंट्रोल रूमला कळायचा मार्गच उरत नाही. जर्मनीने या कॉलचा गैरवापर इतका पाहिला की २००९ पासून सिमशिवाय ११२ लागणं तिथे बंद केलं.

एअरप्लेन मोडवर विसंबू नका. इमर्जन्सी नंबर दाबला की बरेच फोन स्वतःहून तो मोड सोडतात. स्क्रीन लॉकही उपयोगाचं नाही, कारण लॉक असतानाही इमर्जन्सी कॉल लागायलाच हवा अशी रचना असते. मुलाला द्यायचंच असेल तर फक्त वायफायवर चालणारा टॅबलेट द्या. जुना फोन बॅटरी काढता येत असेल तर काढून ठेवा, नसेल तर पूर्ण बंद करून कपाटात.

दुरुस्तीचं काम करणाऱ्यांनी हे दुप्पट लक्षात ठेवावं. कॅलिफोर्नियात एका फोन दुरुस्ती केंद्रातून २०१७ च्या अखेरीपासून काही महिने ९११ वर रोज सुमारे २० कॉल जात होते. पलीकडे फक्त कामगारांच्या गप्पा ऐकू यायच्या. बटणं तपासायच्या टेबलावर आधी एसओएस बंद, मग तपासणी, आणि गिऱ्हाइकाला देताना पुन्हा चालू: हा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावा.

ऑफिसचा एक्स्चेंज

ऑफिसच्या फोनवरून बाहेर जायला आधी ९ दाबायची पद्धत ज्या देशांत आहे आणि जिथे इमर्जन्सी नंबर ९११ आहे, तिथे दुर्दैव ठरलेलंच. ९ बाहेरच्या लाइनीसाठी, १ लांबच्या कॉलसाठी, आणि बोट एकदा जास्त पडलं की ९११. भारतात फोन करणाऱ्यांची गंमत आणखी वेगळी. देशाचा कोड ९१, दिल्लीचा ११. अमेरिकेतून लावताना आधीचा ०११ विसरला की पहिले तीन आकडे ९११ होतात. ऑस्ट्रेलियात बाहेरच्या लाइनीसाठी ० असेल तर परदेशाचा ००११ जोडल्यावर सुरुवात ००० ने होते, आणि तोच तिथला इमर्जन्सी नंबर.

अमेरिकेत फेब्रुवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, त्यानंतर बसवलेल्या ऑफिस आणि हॉटेलच्या फोनवरून ९ न दाबता थेट ९११ लागलाच पाहिजे. एका हॉटेलात आईवर हल्ला होत असताना तिच्या मुलीने चारदा ९११ लावला, पण आधी ९ दाबायचं तिला माहीत नव्हतं, म्हणून तो लागलाच नाही. त्यातून हा कायदा आला. तेव्हा थेट नंबर अडवणं हा पर्याय नाहीच. बदलायचा तो बाहेरच्या लाइनीचा आकडा.

एक्स्चेंज सांभाळणाऱ्याला हे करायला सांगा. मागच्या तीन महिन्यांचे इमर्जन्सी कॉल कुठल्या एक्स्टेंशनवरून गेले ते काढा; बहुतेकदा दोनतीन टेबलंच वारंवार दिसतात. देशाचा इमर्जन्सी नंबर ज्या आकड्याने सुरू होतो, तो सोडून दुसरा आकडा बाहेरच्या लाइनीला द्या, ७ किंवा ८ चालतो. परदेशी कॉल वारंवार होत असतील तर ते नंबर स्पीड डायलवर घाला. आणि इमर्जन्सी नंबर लागला की स्वागतकक्षाला सूचना जाईल अशी सोय करा. खरा प्रसंग असेल तर दार उघडायला माणूस तयार राहतो, चूक असेल तर कोणाच्या टेबलावरून झाली ते लगेच कळतं आणि त्याला "कट करू नकोस" असं ओरडून सांगता येतं.

तपासून बघायचा मोह

सेटिंग्ज बदलल्यावर "खरंच थांबतंय का" हे बघायला बटण पाचदा दाबायचा मोह होतो. दाबणारच असाल तर आधी रद्द करायचं बटण स्क्रीनवर कुठे येतं ते माहीत करून घ्या, फोन टेबलावर ठेवा, दोन्ही हात मोकळे ठेवा. कॉल मात्र लागू देऊ नका. तसं न करता सेटिंग पुन्हा उघडून नजरेने खात्री केली तर जास्त बरं. आणि मोठं अपडेट आलं की त्या दिवशी एकदा हे पान उघडा. बदललेला पर्याय परत मूळ जागी गेलेला मी दोनदा पाहिलाय, एकदा स्वतःच्या फोनवर आणि एकदा सासऱ्यांच्या.